वहीतले 83 दिवस

ऑक्टोबर 2021. महागाई भत्ता 17 टक्क्यांवरून 28 झाला होता. दिवाळीआधी पगारबिल कोषागारात जावं म्हणून मी सकाळपासून सेवार्थवर, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, बसले होते. आमच्या कामगार कार्यालयात माणसं इतकी कमी, की आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-नोंदींचं, टेबल आणि बांधकाम कामगारांच्या अर्जांची छाननी, दोन्ही माझ्याकडेच. भत्त्यासाठी कुणालाही अर्ज करावा लागत नाही. दर बदलला की सगळ्यांचा पगार वाढतो. माझं मूळ वेतन 25,200, म्हणजे महिन्याला 2,772 रुपये जास्त. ते हक्काचेच होते, दीड वर्ष भत्ता गोठवलेला होता.

अकराच्या सुमारास एक मावशी आल्या. प्लास्टरच्या कामावर बिगारी. मुलगी दहावी पास झालेली. बांधकाम कामगार म्हणून आईची नोंदणी चालू असेल आणि मुलीला किमान 50 टक्के गुण असतील तर कामगार कल्याण मंडळाकडून 10,000 रुपये मिळतात. पण नोंदणीच्या नूतनीकरणाला मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो बहुतेकदा ठेकेदाराकडूनच आणावा लागतो. नाक्यावरच्या बाईचा ठेकेदार कोण? आज एक, उद्या दुसरा, आणि कागदावर सही करायची म्हटलं की दोघंही फोन उचलत नाहीत.

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून मुलीची जुनी वही काढली. कामाच्या दिवसाला उभी रेघ, खाड्याला शून्य. रेघेशेजारी मिस्त्रीचं नाव, कुठे ‘स्लॅब’, कुठे ‘अर्धा रोज’. इतकी चोख हजेरी मी कुठल्या मस्टरवरही पाहिली नाही. अर्धे रोज जोडून दोनदा मोजलं. 83. एप्रिलच्या मध्यापासून ओळीने शून्यं. तेव्हाच्या कोरोना निर्बंधांच्या आदेशात मजूर ज्या साइटवर राहतात तिथलंच काम चालू ठेवायची परवानगी होती.

“सात दिवस कमी पडतात, मावशी.”

“कामच नव्हतं, मॅडम. नाक्यावर उभं राहिलं तर पोलीस हाकलायचे.”

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर वीसेक अर्ज होते, सगळ्यांवर एकाच अक्षरातला ‘90 दिवस’ आणि एकच शिक्का. सही-शिक्का असला की मी अडवू शकत नाही. हा दाखला काम केलेल्याला नाही, ओळख असलेल्याला मिळतो, हे आमच्या कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटलीसुद्धा नाहीत. म्हणाले, “वही चालत नाही, दाखला आणायला सांगा.”

मी त्रुटी लिहून अर्ज परत केला. दुपारी बिल पुरं केलं.

दिवाळीनंतर मावशी पुन्हा आल्या. या वेळी टाइप केलेला दाखला, गोल शिक्का, ‘90 दिवस’. किती पैसे घेतले, हे मी विचारलं नाही. अर्ज मंजुरीला पाठवला.

“वही आणली नाही?” मी विचारलं.

“आता कशाला लागतीय ती,” त्या म्हणाल्या, आणि पावतीसाठी हात पुढे केला.