'इंटिग्रेशन'ची मूळ प्रत मिळवताना

लंडनमध्ये जाझच्या जुन्या रेकॉर्ड धुंडाळणाऱ्यांत ब्लू नोटवाल्यांचा भरणा फार. हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, अमेरिकन, 1939 पासूनची, कव्हरं देखणी. रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलवर कंपनीचा पत्ता 'लेक्सिंग्टन' आहे की 'वेस्ट 63', म्हणजे प्रत किती जुनी, यावरून ही मंडळी तासन्‌तास वाद घालतात. मी त्या वाटेला गेलो नाही. मला हवा होता आमांसियो डिसिल्वा. 1936 साली मुंबईत, गोवेकर कुटुंबात जन्मलेला हा गिटारवादक साठच्या दशकात लंडनला आला आणि 1969 साली त्याच्या दोन एल.पी. निघाल्या: 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो'. दोन्ही ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या कोलंबिया लेबलवर, निर्माता डेनिस प्रेस्टनच्या लॅन्सडाउन मालिकेत.

आपल्याकडे गोव्याच्या वादकांचा जाझ घरोघरी पोचला तो सिनेमातून. 'अलबेला'च्या वेळी सी. रामचंद्रांसोबत ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होता. तो निदान नावाने तरी माहीत आहे, बाकीचे कितीतरी वादक वाद्यवृंदात बसून निवृत्त झाले. डिसिल्वाचं नाव मात्र 'इंटिग्रेशन'च्या कव्हरवर, सगळ्यांच्या वर, आणि त्याच्यासोबत वाजवणारे कोण, तर डॉन रेंडेल, इयन कार, डेव्ह ग्रीन, ट्रेव्हर टॉमकिन्स. त्या काळच्या ब्रिटिश जाझमधली ही पहिल्या पंगतीतली माणसं. मी मूळचा फोंड्याचा, त्यामुळे मला त्याचं अप्रूप जरा जास्तच.

तेव्हा ठरवलं की यातली एक तरी मूळ, म्हणजे त्या काळीच छापलेली, प्रत घरात हवी. 'हम दोनो' मनात आधी होती. त्यात जमैकाचा जो हॅरियट आल्टो सॅक्सोफोनवर आहे, नॉर्मा विन्स्टनचा आवाज आहे, 'बॅलड फॉर गोवा' नावाची एक रचनाही आहे. पण तिची किंमत बघून निमूटपणे 'इंटिग्रेशन'कडे वळलो. ती काही स्वस्त होती असं नाही. बायको म्हणाली, "अरे, एवढ्यात गोव्याचं तिकीट येतं." तिचा हिशेब चोख असतो.

शोध कुठे घ्यायचा, हे पटकन सांगतो. चॅरिटीच्या, म्हणजे दान आलेला जुना माल विकणाऱ्या, दुकानांत काही मिळत नाही. तिथले स्वयंसेवकही आता मोबाइलवर भाव बघूनच चिठ्ठी लावतात. सोहोतल्या बर्विक स्ट्रीटवरची दुकानं चाळायला बरी, पण असला माल तिथे खोक्यात येण्याआधीच उचलला जातो. खरा उपयोग झाला तो रेकॉर्डच्या जत्रांचा, आणि त्यातही तिथे नेमाने बसणाऱ्या विक्रेत्यांचा. त्यांच्या वहीत आपलं नाव आणि आपली यादी लिहून ठेवायची, दर वेळी जाऊन चार शब्द बोलायचं आणि अधूनमधून काहीतरी घ्यायचं. नुसता भाव विचारून जाणाऱ्याला कुणी फोन करत नाही. आणि ऑनलाइन भाव बघताना मागितलेल्या किमतींकडे काणाडोळा करायचा, प्रत्यक्ष किती पैसे देऊन रेकॉर्ड विकली गेली तेवढंच बघायचं.

आता वाचनाचा भाग. संगीत संपतं तिथपासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर रेकॉर्डची जन्मपत्रिका असते. ईएमआयच्या ब्रिटिश रेकॉर्डवर तर ती फारच व्यवस्थित सापडते. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरायची. लेबलच्या खाली, घड्याळात सहा असतात तिथे, मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे रेकॉर्डच्या त्या बाजूचा ओळख क्रमांक, असतो. नवाच्या जागी एक आकडा आणि तिनाच्या जागी एकदोन इंग्रजी अक्षरं. नवाच्या जागचा आकडा 'मदर'चा, म्हणजे ज्या धातूच्या तबकडीवरून साचे काढले तिचा. तिनाच्या जागची अक्षरं खुद्द साच्याच्या क्रमांकाची. जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, ए म्हणजे 3, आणि असंच पुढे एम, ओ, पी, एच, एल, टी, शेवटी डी म्हणजे 0. अक्षरं ओळीने वाचली की 'ग्रामोफोन लिमिटेड'चं लघुरूप होतं. आरडी दिसलं तर विसावा साचा. प्रत्येक साचा ठरावीक प्रती काढून झिजतो आणि बाद होतो, त्यामुळे आकडा जितका लहान तितकी प्रत साधारणपणे आधीची.

हे सगळं शिकायला मजा येते, पण माझं मत विचाराल तर डिसिल्वाच्या बाबतीत या अक्षरांपायी एक पौंडही जास्त देऊ नये. बीटल्सच्या लाखो प्रती निघाल्या, साच्यांमागून साचे झिजले, तिथे पहिला साचा आणि साठावा साचा यांत फरक असणार. इथे मुळात गिऱ्हाईकच थोडं. जाहिरातीत ठळक अक्षरांत 'अस्सल पहिली आवृत्ती!' असं लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं, बाबा रे, तेव्हाची दुसरी असेल तर ती दाखव. अशा रेकॉर्डच्या बाबतीत पैसे मोजायचे ते एकाच गोष्टीचे, सुई जिच्यातून फिरते ती खाच किती शाबूत आहे त्याचे.

आणि खाचेची झीज डोळ्यांना दिसत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या प्रतीने हे दाखवून दिलं. विक्रेत्याने दर्जा 'व्हेरी गुड प्लस', म्हणजे किरकोळच वापरलेली, असा लिहिला होता, आणि वरवर पाहता ते खरंही होतं. काळी कुळकुळीत, चकाकणारी, ओरखडा म्हणून नाही. सुई ठेवली, पहिली काही मिनिटं सुरेख गेली. मग ट्रंपेट वर चढला आणि आवाज कागद फाटल्यासारखा चिरकला. जसजशी सुई लेबलकडे सरकली तसतसं ते वाढत गेलं.

यामागचं कारण साधं आहे. जुन्या रेकॉर्डप्लेयरचे सुई धरणारे हात जड, सुया झिजलेल्या. ती सुई खाचेच्या भिंती खरवडते, आणि सगळ्यात आधी मार बसतो तो मोठ्या आवाजाच्या जागांना. त्यात रेकॉर्ड फिरते एकाच गतीने, मिनिटाला 33⅓ फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम 20-21. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं, म्हणून झीज आतल्या रचनांत जास्त ऐकू येते. धूळ धुता येते. झीज कशानेही जात नाही.

विक्रेत्याने आधी माझ्या सुईला दोष दिला. मग म्हणाला की आम्ही दर्जा बघून ठरवतो, ऐकून नाही. इथे कायदा कामी आला. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेला माल हाती आल्यापासून 14 दिवसांत कारण न देताही रद्द करता येतो. वाद घालत बसण्याऐवजी मी तेवढं एका ओळीत लिहून पाठवलं. पैसे आले, परतीचं टपाल मात्र माझ्या खिशातून गेलं. विकणारा खाजगी माणूस असता तर ही सोय नव्हती. माल वर्णनाप्रमाणे नाही, हे पटवून देत बसावं लागलं असतं.

त्यानंतर न ऐकता घ्यायचं नाही, असा नेम केला. वहीत नाव लिहिलेल्या विक्रेत्याचा एकदा फोन आला, पुढच्या जत्रेला प्रत आणतोय म्हणून. त्याच्या टेबलावर बॅटरीवरचा छोटा प्लेयर असतो. मी माझे हेडफोन घेऊन गेलो. सुरुवात ऐकलीच नाही, दोन्ही बाजूंची शेवटची रचना तेवढी ऐकली. अधूनमधून टिकटिक होती, पण ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकदम वर चढतात तिथेही स्वर स्वच्छ. कव्हरची वरची शिवण सुटलेली, आणि मागे कुणीतरी निळ्या बॉलपेनने आपलं नाव लफ्फेदार लिहिलेलं. कव्हर सजवून ठेवणाऱ्यांना असलं काही खपत नाही, त्यामुळे भाव पाडायला मला आयतं निमित्त मिळालं. पन्नास पौंड कमी झाले, रोख दिल्यामुळे आणखी थोडे.

घरी आणल्यावर आधी धुणं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाचेच्या दिशेने मऊ ब्रश, आणि मग ते पाणी व्हॅक्यूमने ओढून घेणारं यंत्र. यंत्र नसेल तर काही दुकानं थोडे पैसे घेऊन धुऊन देतात. एक इशारा: घरात आजोबांच्या काळच्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. गोव्यातल्या आणि कोकणातल्या लोकांना पावसाळ्यात बुरशीचा त्रास असतो, तिथे साधं डिस्टिल्ड वॉटर आणि नंतर पूर्ण वाळवणं. कव्हरच्या आतली कागदी पिशवी बदलायची, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली घ्यायची, आणि रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या. मूळ पिशवी टाकायची नाही, कव्हरमध्येच मागे सरकवून ठेवायची.

टिकटिक बरीचशी धुण्यातच गेली. ही रेकॉर्ड जिथे छापली गेली तो ईएमआयचा पश्चिम लंडनमधल्या हेझचा कारखाना आमच्या घरापासून बसने फार लांब नाही. तिथे आता फ्लॅट झालेत, वसाहतीचं नाव 'द ओल्ड व्हिनाइल फॅक्टरी'. भाडी अर्थातच नव्या काळातली.

'हम दोनो' अजून नाही. डिसिल्वाचं 'कोंकण डान्स' 1972 मध्ये ध्वनिमुद्रित होऊन 2006 पर्यंत बाहेरच आलं नव्हतं, त्यामुळे त्याची जुनी प्रत शोधायचा प्रश्नच येत नाही, तेवढाच खर्च वाचला. मध्यंतरी त्याच विक्रेत्याने 'हम दोनो'ची एक प्रत दाखवली. कव्हर कोरं करकरीत, आणि किंमत त्या कव्हरची. मी त्याच्या वहीत माझ्या नावापुढे लिहून घेतलंय: कव्हर फाटकं चालेल, नाव लिहिलेलं चालेल, कव्हरच नसलं तरी चालेल, फक्त दोन्ही बाजूंची शेवटची रचना ऐकवायची.