सरांनी सांगितलेला गोन्सालो

हीरक महोत्सवाची स्मरणिका निघतेय, माजी विद्यार्थ्यांनी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि सगळ्यात आधी आठवले ते सर. प्रार्थना, मैदान, मधल्या सुट्टीतले वडे यावर बाकीचे लिहितीलच, मी फक्त सरांवर लिहिणार. नाव लिहायची गरज नाही, आपल्या शाळेत इतिहासाचे सर म्हटलं की कुठल्याही बॅचला कोण ते कळतं.

माझं नाव गोन्सालो. मी वसईजवळच्या गासचा, आमचं चर्चच संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं, त्यामुळे गावात या नावाचं कोणाला काही वाटत नाही. पण शाळेत सगळीकडची मुलं. गोण्या, गोणपाट, काय वाट्टेल ते हाक मारायची. आठवीत एकदा हजेरी चालू असताना मागून कोणीतरी 'गोणपाट' ओरडलं आणि अख्खा वर्ग हसला. सर चिडले नाहीत. त्यांनी हजेरीबुक मिटलं, ऑफिसातून पृथ्वीचा गोल मागवला, शिवणाच्या बाईंकडून लाल दोरा आणवला आणि जो ओरडला होता त्यालाच पुढे बोलावून म्हणाले, "हे टोक इथं धर, मुंबईच्या जरा वर. ही वसई. ज्या नावाला हसलास ना, तो मुलगा आपल्या किल्ल्यात शिकला."

मग दोरा निघाला. १५५७च्या सुमाराचा जन्म, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या येशूसंघीय फादरांकडे शिकला आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथं आठेक वर्षं प्रचारकाचं काम केलं, जपानी अशी शिकला की तिथल्या लोकांशी त्यांच्यासारखं बोलायचा. संघात घेतील ही आशा होती, ते काही झालं नाही. मग तो व्यापारात पडला, मकावला जम बसवला, पैसा चांगला आला, आणि सगळं सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा ब्रदर झाला. इथं सर थांबले आणि आम्हाला विचारलं, "चाललेला धंदा सोडणं सोपं असतं का रे?" आमच्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी केळीचा नाहीतर फुलांचा धंदा, त्यामुळे प्रश्न बरोबर लागला. कोणी हसेना.

दोरा परत जपानला गेला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून, थेट हिदेयोशीच्या दरबारात. वसईचा मुलगा जपानच्या सत्ताधीशाशी त्याच्याच भाषेत बोलतोय हे सर असं सांगायचे की अंगावर काटा यायचा. पुढे १५९६मधे सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, परदेशी मिशनऱ्यांवरचा संशय वाढला, गोन्सालोसकट मिशनरी आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. क्योतोत डाव्या कानाचे तुकडे कापले, गावागावांतून धिंड काढली, मग ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात आमच्याच वयाची तीन पोरं होती. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. गोणपाट हा शब्द त्यानंतर मी शाळेत ऐकला नाही.

मला आजही भारी वाटतं ते हे की सर हिंदू, घरी गणपती बसायचा, चिमाजी अप्पांची १७३९ची मोहीम शिकवताना त्यांचा आवाज चढायचा, आणि तेच सर दर वर्षी किल्ल्यात नेऊन चर्चच्या पडक्या भिंतींपाशी उभं करून गोन्सालोबद्दल तितक्याच अभिमानानं सांगायचे. "१८६२ला पोपनी संतपद दिलं, भारतात जन्मलेला पहिला संत, आणि तो आपल्या वसईचा." आपल्या वसईचा म्हणायचे, तुमच्या धर्माचा नाही. चर्चमधे मी त्याच्यापुढे गुडघे टेकत होतो, पण तो याच वाडीतून चालत किल्ल्यात शिकायला जाणारा कोणी मुलगा असेल हे मला सरांमुळे पहिल्यांदा वाटलं, आणि आपलं नाव मोठ्यानं सांगायची सवय तिथून लागली.

पुढे मी बोटीवर गेलो, आज चीफ इंजिनिअर आहे. मधे एकदा जहाज नागासाकीच्या गोदीत लागलं. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर ती टेकडी. तिथं १९६२मधे बांधलेलं स्मारक आहे, सव्वीस जण ब्राँझमधे ओळीनं उभे. म्युझियमच्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं, मोबाइलवर मी त्यांना वसईचा नकाशा दाखवला, तर त्यांनी आतल्या दोघांना बोलावून तो परत दाखवायला लावला. तेव्हा सरांना फोन करावा असं इतकं वाटलं, पण सर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या घरी फोटो पाठवले, सरांच्या पत्नीनं ते फ्रेम करून लावलेत.

आता ऐकतो की किल्ल्याची ट्रिप बंद झालीये, मुलांना बसनं रिसॉर्टला नेतात, आणि किल्ल्यात लग्नाच्या आधीचे फोटो काढणाऱ्यांचीच गर्दी असते. खूप वाईट वाटतं. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की ५ फेब्रुवारीच्या आसपास आठवीची ट्रिप पुन्हा सुरू करा, सरांच्या नावानं करा, सगळ्या धर्माच्या मुलांना न्या. बसचा आणि नाश्त्याचा खर्च दर वर्षी मी देईन, तसं पत्र माजी विद्यार्थी संघाकडे दिलेलं आहे, आणि त्या आठवड्यात सुट्टीवर असलो तर मुलांबरोबर मी स्वतः येईन.