दवाखान्याच्या भिंतीवर चित्रकथी का नाही?

आमच्या सिंधुदुर्गात सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर काय, तर लसीकरणाचा तक्ता आणि डेंग्यूचा डास. माहिती हवीच, पण ओपीडीत नंबर येईपर्यंत माणूस त्या डासाकडे किती वेळ बघणार हो! आणि इथंच कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवून गाऊन सांगायचे, ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ची पद्मश्रीही मिळाली. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये दाखवलेलं की खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट ऑपरेशननंतर लवकर घरी गेले, जोरदार वेदनाशामकंही कमी लागली (झाडं होती, चित्रं नव्हती, मान्य). तरी एक भिंत द्या ना पिंगुळीच्या कलाकारांना, मानधन देऊन हां, फुकटात नको. फक्त युद्धाचे प्रसंग टाळा, बीपी आधीच वाढलेलं असतं.