रात्रपाळीचं चालू, सकाळचं बंद : स्क्विड आणि कर्बेरॉसचा माझा अनुभव

अंधेरी पूर्वेच्या आमच्या ऑफिसात बाहेरचं सगळं इंटरनेट स्क्विड प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जातं आणि ओळख पटवायला कर्बेरॉस ही तिकिटांवर चालणारी पद्धत आहे. विंडोजमध्ये एकदा लॉगिन केलं की पुन्हा पासवर्ड टाकावा लागत नाही. ब्राउझर डोमेन कंट्रोलरकडून (ऑफिसची सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) प्रॉक्सीसाठी तिकीट घेतो, ते स्क्विडला दाखवतो, काम झालं. नवीन सर्व्हरवर हे व्यवस्थित चाललं होतं. मग एका सोमवारी सकाळी साडेआठपासून फोन सुरू झाले. "ताई, पासवर्डची खिडकी येतेय. टाकला तरी परत येतेय."

नेहमीच्या गोष्टी आधी पाहून घेतल्या. कर्बेरॉसला घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमची घड्याळं जुळत होती. ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचं पूर्ण नाव होतं, आयपी नव्हता. आयपी टाकलेला असला तर ब्राउझर बहुतेक वेळा तिकीट मागतच नाही, गुपचूप एनटीएलएम या जुन्या ओळख-पद्धतीवर जातो. मग स्क्विडच्या कर्बेरॉस हेल्परला (तिकीट तपासणाऱ्या जोड-प्रोग्रॅमला) डीबगचा पर्याय लावला आणि ब्राउझरकडून येणाऱ्या टोकनची (ओळखीच्या मजकुराची) सुरुवातीची अक्षरं पाहिली. एनटीएलएमचं टोकन ‘टीएलआरएम’ने सुरू होतं, कर्बेरॉसचं साधारणपणे ‘वायआयआय’ने. आमच्याकडे ‘वायआयआय’च येत होतं. म्हणजे लोकांच्या मशीन बरोबर वागत होत्या, तिकीट दारापर्यंत पोचत होतं आणि नाकारलं जात होतं ते आमच्या सर्व्हरवर. हे एवढं कळलं की शोधायची जागा निम्म्याने कमी होते. म्हणून मी कुणालाही हेच आधी बघायला सांगते.

तोवर वरून निरोप आला, "तात्पुरतं बेसिक ऑथेंटिकेशन लावून टाका, लोक खोळंबलेत." मी ठाम नाही म्हटलं. बेसिकमध्ये पासवर्ड फक्त बेस-६४ (कुणालाही उलगडता येणारी अक्षरं) करून पाठवला जातो आणि आमच्याकडे ब्राउझर ते प्रॉक्सी हा टप्पा एन्क्रिप्टेड नाही. मधे बसून ऐकणाऱ्याला तो सहज वाचता येतो. तासाभराच्या सोयीसाठी सगळ्या ऑफिसचे डोमेन पासवर्ड असे उघड्यावर टाकायचे नाहीत.

खरा धागा मिळाला तो सपोर्टच्या टेबलावर. रात्रपाळीची मुलं अजून निघाली नव्हती आणि त्यांचं इंटरनेट मस्त चालू होतं. तोच प्रॉक्सी, तोच ब्राउझर, तीच ग्रुप पॉलिसी. एकाच्या मशीनवर केलिस्ट (तिकिटं दाखवणारी कमांड) चालवलं. प्रॉक्सीचं तिकीट रात्री ११ नंतरचं होतं. शेजारच्या, नुकत्याच आलेल्या मुलीचं तिकीट सकाळचं. त्याचं चालत होतं, तिचं नाही. म्हणजे सर्व्हर ज्या किल्लीने तिकीट उघडतो, तिचं मधल्या वेळात काहीतरी झालं होतं.

सर्व्हरवर स्क्विडचा कीटॅब (किल्ल्या ठेवायची फाइल) उघडला, त्यात किल्लीचा आवृत्ती क्रमांक २. केव्हीएनओ ही कमांड चालवून डोमेन कंट्रोलरला विचारलं, तर उत्तर ३. सोसायटीच्या गेटचं कुलूप बदललं आणि वॉचमनच्या हातात जुनीच किल्ली राहिली, तशातली गत.

आता कारण उलगडलं. सर्व्हर उभारताना डोमेन जॉइनच्या (सर्व्हर ऑफिसच्या डोमेनमध्ये सामील करण्याच्या) वेळी तयार झालेल्या कीटॅबची प्रत स्क्विडसाठी वेगळी ठेवली गेली होती. किल्ली बनते सर्व्हरच्या कॉम्प्युटर अकाउंटच्या (डोमेनमधल्या त्याच्या खात्याच्या) पासवर्डवरून, आणि तो पासवर्ड एसएसएसडी (सर्व्हरला डोमेनशी जोडून ठेवणारं सॉफ्टवेअर) ३० दिवस झाले की आपोआप बदलतं. ते त्याचं ठरलेलं काम आहे. सिस्टिमच्या मूळ कीटॅबमध्ये त्याने नवी किल्ली घातली, स्क्विडच्या प्रतीकडे बघायचं त्याला कारणच नव्हतं. रात्रीची तिकिटं जुन्या किल्लीने बंद केलेली, म्हणून ती उघडत होती. डोमेनमध्ये तिकिटाचं आयुष्य डीफॉल्टने १० तास असतं. त्यामुळे रात्री आलेल्यांचंही नऊनंतर अडकणार, हे मी त्या मुलाला तिथेच सांगितलं. "थांबतो मॅडम, बघू या," म्हणाला. सव्वानऊच्या सुमाराला त्याच्याही पडद्यावर तीच खिडकी आली. त्या क्षणी निदानाची खात्री पटली.

तात्पुरता इलाज सोपा होता : मूळ कीटॅबची नवी प्रत काढली, मालक रूट, ग्रुप प्रॉक्सी, परवानगी ६४० (ग्रुपला फक्त वाचता येईल अशी), आणि स्क्विड रीस्टार्ट. नव्या कीटॅबमध्ये जुनी किल्लीही शिल्लक असते, त्यामुळे कुणाकडे जुनं तिकीट उरलं असेल तर तेही चालतं. फोन लगेच थांबले.

कायमचा इलाज त्याच आठवड्यात केला. प्रॉक्सीसाठी एमएसकेटीयूटिल या टूलने स्वतंत्र कॉम्प्युटर अकाउंट काढलं (नाव १५ अक्षरांच्या आत ठेवावं लागतं), एन्क्रिप्शन फक्त एईएस. त्याआधी जुन्या अकाउंटवरून प्रॉक्सीचं एचटीटीपी सर्व्हिस नाव (ज्या नावाने तिकीट मागितलं जातं ते) काढून टाकलं. ही पायरी विसरू नका. एकच नाव दोन अकाउंटवर राहिलं तर डोमेन कंट्रोलर तिकीटच देत नाही आणि वेगळाच घोळ सुरू होतो. सेटएसपीएन या कमांडला एक्सचा पर्याय देऊन अशी दुबार नावं शोधता येतात. मग रोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) एमएसकेटीयूटिलचा ऑटो-अपडेट लावला, म्हणजे पासवर्ड बदलायचं आणि स्क्विडच्या कीटॅबमध्ये नवी किल्ली भरायचं काम एकाच हाताने होतं.

पुढच्या वेळी पासवर्ड बदलला तेव्हा मी मुद्दाम दोन्हीकडचा क्रमांक काढून पाहिला. कीटॅबमध्ये आणि डोमेन कंट्रोलरवर आकडा एकच होता, आणि सकाळच्या पाळीतल्या कुणाचाही फोन आला नाही.