सीईटीचं गणित

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश फेरीचे) ऑप्शन, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायला आज एक विद्यार्थिनी आईसोबत घरी आली होती. बारावीच्या बोर्डात गणिताला ९१, एमएचटी-सीईटी या प्रवेशाच्या सामाईक परीक्षेत गणिताचा पर्सेंटाइल ७८, म्हणजे साधारण ७८ टक्के मुलं तिच्या बरोबरीने किंवा मागे. आई सारखी विचारत होती, "सर, पोरगी हुशार आहे ना हो, मग असं कसं?"

हुशार आहेच. तिच्या इंटिग्रेशनच्या वह्या मी वर्षभर तपासल्यात. एकही पायरी गाळलेली नसते, शेवटचा 'प्लस सी' कधी विसरत नाही. बोर्डात त्या पायऱ्यांना गुण आहेत. सीईटीत फक्त पर्याय बरोबर की चूक. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. शिवाय इथे गणिताचा प्रश्न २ गुणांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा १ चा. म्हणजे २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. तिथे घसरलं की सगळंच घसरतं.

सामाईक परीक्षा बंद करा असं मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या बोर्डांच्या मुलांना एका यादीत आणायला ती लागतेच. पण बारावीचे गुण नुसते पात्रतेपुरते, हे मला अजिबात पटत नाही. त्यांना थोडं तरी वजन द्या. वेगाचा सराव क्लासमध्ये करून घेतात आणि ती फी हिच्या घरी झेपण्यासारखी नव्हती.

तिला मनापासून हवी असलेली कॉलेजं वर ठेवली, गेल्या वर्षीचा कटऑफ जास्त असला तरी. फॉर्म बाकी असलेल्यांनीही तसंच करा. वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही.