पावसाळ्याची नोंद: दोन शॉट्सच्या मधला वेळ

मंडळी, यंदा पावसाळ्यात गोल्फच्या स्विंगला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. मेहनत घ्यायची ती दोन शॉट्सच्या मधल्या वेळेवर. चार-साडेचार तासांच्या राउंडमध्ये प्रत्यक्ष चेंडू मारण्यात काही मिनिटंच जातात. उरलेल्या वेळात आपण कसे वागतो, यावर आपला स्कोअर आणि मागच्या फोरबॉलचा (मागून येणाऱ्या चौघांच्या गटाचा) मूड दोन्ही अवलंबून असतात.

२०१९च्या गोल्फ नियमांत शिफारस आहे की आपली पाळी आली आणि अडथळा नसला, की ४० सेकंदांत शॉट मारावा. मी एक सवय लावून घेतली. दुसरा मारत असताना स्तब्ध उभं राहायचं, पण त्याच्या चेंडूकडे चालत जाताना माझं अंतर, वारा आणि क्लब ठरलेला असायचा. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो प्रकार) सुरक्षित असेल तर जो तयार आहे त्यानं आधी मारावं, हेही नियमांना मान्य आहे. मॅच प्लेमध्ये (होलगणिक हार-जीत ठरते तो प्रकार) मात्र पाळी पाळा. तिथे प्रतिस्पर्धी तुमचा शॉट रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. या सवयीचा मला सर्वांत जास्त फायदा अप्रोच शॉटला, म्हणजे ग्रीनकडे मारायच्या शॉटला झाला. चेंडूवर उभं राहून विचार करणं बंद झालं आणि खांदे सैल राहू लागले. स्कोअर नव्वदीत स्थिरावलाय.

आता पिचमार्कबद्दल (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू पडून झालेला खड्डा), कारण पावसाळ्यात हाच विषय मोठा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीन इतके मऊ असतात की वेज या क्लबचा उंच शॉट खोल खड्डाच पाडतो. बरेच जण खड्डा बुजवायचा छोटा फोर्क खाली खुपसून माती वर उचलतात. त्यानं मुळं तुटतात आणि तिथं कित्येक दिवस तपकिरी डाग राहतो. फोर्क खड्ड्याच्या कडेला रोवा, कडेचं गवत मध्याकडे ढकला, सगळीकडून तसं करून झालं की पटरनं हलकेच दाबा. हे मला आमच्या कोर्सवरच्या एका ज्येष्ठ कॅडीमामांनी (कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा सोबती) शिकवलं. "मॅडम, स्वतःचा एक आणि दुसऱ्याचा एक," हा त्यांचा हिशेब. मी तो पाळते. गुडघा टेकून पिचमार्क बुजवताना ग्रीनचा उतार जितका स्पष्ट दिसतो तितका उभ्यानं कधी दिसत नाही, आणि तिथेच माझे लांबचे पट (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायचे फटके) सुधारले. २०१९च्या आधी पटच्या रेषेतले बुटांच्या स्पाइक्सचे ओरखडे दुरुस्त करता येत नसत. आता येतात. हा मला त्या वर्षीचा सर्वांत न्याय्य बदल वाटतो. झेंडा होलमध्येच ठेवून पट करण्याची मुभाही आवडते. वेळ वाचतो.

चेंडू शोधायला पाचऐवजी तीन मिनिटं झाली, त्यावर जुने सभासद अजून कुरकुरतात. पावसाळ्यातल्या रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) तीन मिनिटं कमी पडतात, हे खरंच. म्हणून चेंडू हरवल्याची शंका आली की प्रोव्हिजनल (राखीव दुसरा चेंडू) मारायचा, आणि तसं आधी जाहीर करायचं.

खेळ बदलतोय आणि मला ते हवं आहे. २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. त्या पहाटे टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी गोल्फ पहिल्यांदाच पाहिला असेल. २०२०पासूनच्या जागतिक हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) पद्धतीत शेवटच्या २० स्कोअर्सपैकी सर्वोत्तम ८ धरतात आणि कमाल मर्यादा ५४ आहे, त्यामुळे नवशिक्यालाही अधिकृत हँडिकॅप मिळतो. पण ड्रायव्हिंग रेंजवर (नुसता फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर) शिकलेली मुलं दोनशे यार्ड मारतात आणि बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर येताना वाळू सारखी करायच्या रेककडे बघतही नाहीत. दोष त्यांचा नाही. रेंजवर बंकर नसतो, पिचमार्क नसतो, मागे खोळंबलेला फोरबॉल नसतो. हे शिकवणारी शाळा म्हणजे कॅडी आणि माळी. व्यावसायिक गोल्फपटू एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील १८२९मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर होते. मुलगा तिथेच वाढला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. कॅडींऐवजी बॅटरीच्या गाड्या आणू पाहणाऱ्या क्लबांनी हा इतिहास आठवावा.

ऑक्टोबरपासून ग्रीन कोरडे आणि वेगवान होतील, तेव्हा बर्म्युडा गवताच्या कलावर (पाती झुकतात त्या दिशेवर) काम करणार आहे. गवत चकाकताना दिसलं तर पट कलाच्या दिशेनं पळतो, गडद दिसलं तर अडतो. तोवर, रेंजवरचा एखादा नवा खेळाडू ओळखीचा असेल तर त्याला आठवड्यातल्या एखाद्या रिकाम्या दुपारी नऊ होलसाठी बरोबर घ्या, आणि कॅडी जरूर घ्या.