मॅग्नेशियाची आम्लारिता मोजताना

ऐन जुलैत मी नॅनो मॅग्नेशियम ऑक्साइडची आम्लारिता मोजायला घेतली. पद्धत ठरलेली होती, सीओटू-टीपीडी, म्हणजे चिकटवलेला कार्बन डायऑक्साइड तापमान वाढवत सोडवून मोजणं. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी असतो. तो पावडरीवर बसवायचा आणि मग हेलियमच्या प्रवाहात मिनिटाला १० अंशांनी तापमान चढवायचं. सैल धरलेला वायू आधी सुटतो, घट्ट धरलेला उशिरा.

पहिल्याच आलेखात ३५० अंशांच्या आसपास भलंमोठं शिखर आलं. इतक्या जोरदार आम्लारी जागा! दोन दिवस मी त्याच आनंदात होते. सरांनी आलेख बघून एवढंच विचारलं, "ब्लँक घेतलास का?"

घेतला नव्हता. तीच पावडर, तोच चढ, फक्त कार्बन डायऑक्साइड द्यायचा नाही. तरीही शिखर आलंच.

पावसाळी हवेत बारीक पावडरीवर हायड्रॉक्साइडचा आणि कार्बोनेटचा थर धरतो, आणि कण जितके लहान तितका तो भराभर धरतो. तापवल्यावर त्यातलं पाणी निघत होतं. आमच्या यंत्रातला टीसीडी हा शोधक फक्त वायूची उष्णतावाहकता बघतो, वायू कोणता ते त्याला कळत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर जोडला तेव्हा कार्बन डायऑक्साइडच्या ४४ सोबत १८ चा आकडाही जोरात चढताना दिसला. १८ म्हणजे पाणी.

कण एकमेकांना चिकटून मोठे होतील या भीतीने मी सुरुवातीला जेमतेम १५० अंशांपर्यंत तापवत होते. पण पावडर मुळात ५०० अंशांना भाजलेली होती, मग तेवढं पुन्हा तापवायला हरकत कसली? हेलियममध्ये ५०० अंशांना तासभर ठेवलं, नळी न उघडता ५० अंशांवर आणलं, वायू दिला, वरवर चिकटलेला अर्धा तास धुऊन काढला. आता ब्लँक सपाट आला. खरा आलेख बुटका आणि पसरट निघाला. हायड्रॉक्सिलवरच्या दुबळ्या जागा आधी, मॅग्नेशियम-ऑक्सिजनच्या जोड्या त्यानंतर, कडा-कोपऱ्यांवरचे एकटे ऑक्सिजन सर्वांत शेवटी.

पडताळा म्हणून कोरड्या टोल्युइनमध्ये हॅमेट दर्शकं, म्हणजे ठरावीक आम्लारी ताकदीलाच रंग बदलणारी रसायनं, टाकून पाहिली. फिनॉल्फ्थॅलिन लगेच गुलाबी झालं, २,४-डायनायट्रोअ‍ॅनिलिनचा पिवळा रंग जांभळट झाला, ४-नायट्रोअ‍ॅनिलिन मात्र बदललं नाही. म्हणजे हॅमेट मापावर ताकद या शेवटच्या दोन दर्शकांच्या, १५ आणि १८.४ यांच्या, मधली. प्रबंधात ब्लँकचा आलेख मी खऱ्या आलेखाच्या शेजारीच छापलाय.